वाचकांचे प्रश्न : क्लस्टरमधील नेटवर्क कार्ड बदलताना

सर्व्हरचे नेटवर्क कार्ड निकामी झाल्यावर काय करावे, या एकाच विषयावर सांगली, मिरज, कुपवाड आणि विटा येथून या वेळी पत्रे आली आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी असली, तरी सर्वांकडे दोन किंवा अधिक सर्व्हरचे क्लस्टर (एक बंद पडला तर दुसरा काम सांभाळेल अशी जोडणी) आहे, आणि कार्ड बदलण्यापेक्षा बदलाच्या आधी व नंतर काय करायचे हाच प्रत्येकाचा खरा प्रश्न आहे. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर त्या पत्रांना दिले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात विंडोज सर्व्हर २०१६ वर चालणारे दोन सर्व्हरचे फेलओव्हर क्लस्टर असून खातेव्यवहाराची सर्व व्हर्च्युअल मशिन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेले स्वतंत्र संगणक) त्यावर आहेत. एका सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाची लिंक दिवसातून अनेकदा तुटते आणि आपोआप जुळते. पुरवठादाराने नवे कार्ड आणून दिले आहे आणि रविवारी सर्व यंत्रणा बंद करून ते बसवू, असे त्याचे म्हणणे आहे. सर्व काही बंद करणे खरोखरच आवश्यक आहे का?
— संगणक विभागप्रमुख, सांगली

उत्तर : आवश्यक नाही, आणि माझ्या मते ते योग्यही नाही. संस्थेने एकाऐवजी दोन सर्व्हर घेतले ते अशाच प्रसंगासाठी. दोन्ही सर्व्हर एकदम बंद करून पुन्हा सुरू केले आणि त्यानंतर काही बिघडलेले दिसले, तर ते नव्या कार्डामुळे बिघडले की एरवीही बिघडणार होते, हे सांगणे अवघड होते. एक सर्व्हर चालू राहिला, तर ग्राहकांचे काम थांबत नाही आणि प्रत्येक सेटिंग पडताळून पाहण्यासाठी एक सुस्थितीतील सर्व्हर समोर असतो.

मात्र त्याआधी दोष कार्डाचाच आहे याची खात्री करावी. लिंक तुटण्याची कारणे केबलमध्ये, स्विचच्या पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्येही असू शकतात, आणि पुष्कळदा ती तेथेच असतात. आधी केबल बदलून पाहावी, नंतर स्विचवरील दुसरा पोर्ट वापरून पाहावा, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू नयेत, कारण मग गुण नेमका कशाने आला ते कळत नाही. कार्ड १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर स्थिरावत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. गिगाबिटसाठी तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, आणि त्यामुळे एखादी जोडी तुटली की वेग तेवढ्यावर येऊन थांबतो. स्विचच्या पोर्टवर सीआरसी त्रुटींचा (वाटेत बिघडून पोहोचलेल्या पाकिटांचा) आकडा वाढत आहे का, हेही पाहावे.

विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये दोन क्रमांक मुद्दाम शोधावेत. ११२७ हा क्रमांक एखाद्या नोडचा (क्लस्टरमधील सर्व्हरचा) एखाद्या नेटवर्कवरील इंटरफेस बंद पडल्याची नोंद करतो, तर ११३५ हा संपूर्ण नोडच क्लस्टरच्या सदस्यत्वातून बाहेर काढला गेल्याची. केवळ ११२७ च्या नोंदी त्याच सर्व्हरच्या त्याच कार्डाबद्दल येत असतील, तर आपला संशय रास्त आहे. पण सोबत ११३५ ही येत असेल, तर दोन सर्व्हरमधील सगळे मार्ग एकाच वेळी तुटत आहेत असा त्याचा अर्थ होतो, आणि मग सर्व हार्टबीट (आपण चालू असल्याचे नोड एकमेकांना सतत पाठवतात ते संदेश) एकाच कार्डावरून किंवा एकाच स्विचमधून जात नाहीत ना, हे तपासावेच लागेल. तसे असेल तर कार्ड बदलल्याने आजचा त्रास थांबेल, मांडणीतला दोष मात्र तसाच राहील.

खात्री झाल्यावरही लगेच पेचकस हाती घेऊ नये. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडचे एक आणि विटनेसचे (साक्षीदार म्हणून मत देणाऱ्या डिस्कचे किंवा शेअरचे) एक, अशी तीन मते असतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून डायनॅमिक कोरमची (कोरम म्हणजे क्लस्टर चालू राहण्यासाठी लागणारी मतसंख्या) सोय असल्यामुळे रीतसर बंद केलेल्या नोडचे मत गणनेतून आपोआप वगळले जाते. तरीसुद्धा विटनेस डिस्क किंवा विटनेस शेअर ऑनलाइन आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण कित्येक ठिकाणी तो बंद पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेले नसते. राहिलेल्या एका सर्व्हरची मेमरी सर्व व्हर्च्युअल मशिनना पुरेल का, याचाही हिशेब करावा. क्लस्टर उभारताना ती पुरत असे. नंतरच्या काळात मशिन वाढत जातात आणि हा हिशेब मागे पडतो. आदल्या रात्रीचा बॅकअप पूर्ण झालेला असणे तर गृहीतच आहे.

यानंतर फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमधून सदोष सर्व्हरला पॉज करून ‘ड्रेन रोल्स’ हा पर्याय निवडावा, म्हणजे त्यावरील व्हर्च्युअल मशिन चालू स्थितीतच दुसऱ्या सर्व्हरवर जातील. येथे एक अडचण हमखास येते. लाइव्ह मायग्रेशनची, म्हणजे चालू मशिन हलवण्याची, वाहतूक त्याच सदोष कार्डावरून जात असेल, तर स्थलांतर मध्येच अडकते. म्हणून ड्रेन करण्यापूर्वी लाइव्ह मायग्रेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरे, भरवशाचे नेटवर्क क्रमाने वर आणावे.

सर्व्हर बंद करण्यापूर्वी जुन्या कार्डाची सर्व माहिती कागदावर उतरवून घ्यावी : आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस, व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेले स्वतंत्र नेटवर्क), जंबो फ्रेमचे (नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांचे) मूल्य, ड्रायव्हरची आवृत्ती, कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे आणि ते कोणत्या टीमचे (एकत्र काम करणाऱ्या कार्डांच्या गटाचे) किंवा व्हर्च्युअल स्विचचे (व्हर्च्युअल मशिनना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर-स्विचचे) सदस्य आहे. मागच्या बाजूच्या केबलचे छायाचित्रही घ्यावे. त्यानंतर जुन्या कार्डाला टीममधून काढावे आणि त्याचा स्थिर आयपी ॲड्रेस पुसून टाकावा. हे केले नाही, तर कार्ड भौतिकरीत्या निघाले तरी त्याची नोंद विंडोजमध्ये दडून राहते, आणि तोच आयपी ॲड्रेस नव्या कार्डाला देताना तो दुसऱ्या, आता यंत्रात नसलेल्या कार्डाला दिलेला असल्याचा इशारा येतो. तसे झालेच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय लावून जुन्या कार्डाची फिकट दिसणारी नोंद अनइन्स्टॉल करावी.

प्रत्यक्ष कार्ड बदलण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, म्हणून दोन्ही वायरी काढाव्यात, कारण सर्व्हर बंद दिसत असला तरी वायर जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डवर स्टँडबाय वीज असते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा. नव्या कार्डाची मागची पट्टी सर्व्हरच्या उंचीशी जुळते का, हे कार्ड खोक्यातून काढल्याबरोबर पाहावे, कारण २ यू (रॅकमध्ये दोन घरांच्या उंचीच्या) सर्व्हरला पुष्कळदा अर्ध्या उंचीची पट्टी लागते आणि ती खोक्यातच राहून जाते. शक्यतो जुनाच स्लॉट वापरावा.

सर्व्हर सुरू झाल्यावर त्याला पॉज अवस्थेतच ठेवून पुढची कामे करावीत. फर्मवेअर (कार्डातच साठवलेले सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हरची आवृत्ती दुसऱ्या सर्व्हरवरील कार्डाशी जुळवून घ्यावी. आपल्याकडे सर्व्हर २०१६ मधील स्विच एम्बेडेड टीमिंग (व्हर्च्युअल स्विचमध्येच टीम बांधण्याची सोय) वापरात असेल, तर टीममधील कार्डे एकाच उत्पादकाची, एकाच मॉडेलची आणि त्याच फर्मवेअर-ड्रायव्हरची असावी लागतात. पुरवठादाराने ‘तसलेच’ म्हणून आणलेले कार्ड तेथे चालेलच असे नाही, म्हणून मॉडेल क्रमांक आज कार्ड हातात असतानाच ताडून पाहावा.

क्लस्टर कोणते कार्ड कोणत्या नेटवर्कचे हे सबनेटवरून ठरवतो. त्यामुळे त्याच सबनेटचा आयपी ॲड्रेस दिला की नवे कार्ड जुन्याच क्लस्टर नेटवर्कमध्ये आपोआप दिसू लागते आणि क्लस्टरमध्ये वेगळे काही करावे लागत नाही. त्याऐवजी एखादे नवेच क्लस्टर नेटवर्क यादीत दिसले, तर आयपी ॲड्रेस किंवा सबनेट मास्क लिहिताना चूक झाली आहे असे समजावे. व्हर्च्युअल स्विच बदललेल्या कार्डाला पुन्हा जोडताना त्याचे नाव दोन्ही सर्व्हरवर अक्षरशः सारखे आहे का ते पाहावे, नाहीतर व्हर्च्युअल मशिन या सर्व्हरवर परत येणारच नाहीत.

जंबो फ्रेम वापरात असतील, तर साध्या पिंगवर (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या चाचणीवर) समाधान मानू नये. साधे पिंग लहान असते, ते जाते, आणि स्टोरेजची मोठी पाकिटे मात्र वाटेत अडतात. एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) ९००० बाइट असेल, तर पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षांना लागतात. ते पोहोचले, म्हणजे मधले स्विचही बरोबर आहेत.

शेवटी क्लस्टर व्हॅलिडेशन (विंडोजमधील क्लस्टरची तपासणी) चालवावे, पण त्यातील फक्त नेटवर्कच्या चाचण्या निवडाव्यात. चालू क्लस्टरवर स्टोरेजच्या चाचण्या निवडल्यास डिस्क काही काळ ऑफलाइन जाऊ शकतात, आणि काउंटरसमोर ग्राहक उभे असताना तो प्रयोग करण्याचे कारण नाही. अहवाल स्वच्छ आल्यावर नोडचा पॉज काढून आधी एखादे कमी महत्त्वाचे मशिन त्यावर आणावे, नव्या कार्डाची केबल काढून हार्टबीट दुसऱ्या मार्गाने जातो का हे पाहावे, आणि मगच बाकीची मशिन आणावीत. वेळ विचाराल, तर रविवारपेक्षा एखाद्या कामाच्या दिवशी काउंटर बंद झाल्यानंतरची संध्याकाळ मी निवडेन. स्विच सांभाळणारा आणि कोअर बँकिंगचा माणूस त्या वेळी फोनवर भेटतो, रविवारी भेटत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सेंटओएस ६ (एक लिनक्स प्रणाली) वरील दोन नोडचे जुने क्लस्टर आहे. एका नोडचे कार्ड बदलून तो सुरू केला, तेव्हा त्यावर नेटवर्क तर आलेच नाही, उलट थोड्याच वेळात व्यवस्थित चालू असलेला दुसरा नोड बंद होऊन रीस्टार्ट झाला. कार्ड एका नोडचे बदलले असताना दुसरा नोड का पडला?
— देखभाल विभाग, कुपवाड औद्योगिक वसाहत

उत्तर : आपल्या पत्रातील दोन्ही घटना एकाच साखळीतील आहेत. सेंटओएस ६ मध्ये प्रत्येक कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि त्याचे नाव यांची जोडी यूडेव्हच्या (उपकरणांना नावे देणाऱ्या प्रणालीच्या भागाच्या) एका नियम-फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. नवे कार्ड आले की त्याचा मॅक ॲड्रेस वेगळा असल्यामुळे त्याला पुढचे मोकळे नाव मिळते, म्हणजे ‘एथ०’ हे नाव निघून गेलेल्या कार्डासाठी राखीव राहते आणि नवे कार्ड ‘एथ२’ किंवा असेच काहीतरी होते. आपली नेटवर्कची सेटिंग मात्र ‘एथ०’ च्या नावानेच असतात आणि त्या फाइलमध्येही जुना मॅक ॲड्रेस लिहिलेला असू शकतो. म्हणून नेटवर्क आले नाही. नियम-फाइलमधील जुन्या कार्डाची ओळ काढून नव्या ओळीतील नाव ‘एथ०’ करावे आणि इंटरफेसच्या फाइलमधील मॅक ॲड्रेस बदलावा. पुढच्या पिढीच्या प्रणालींमध्ये, म्हणजे आवृत्ती ७ पासून, नाव साधारणपणे स्लॉटच्या जागेवरून ठरते, म्हणून तेथे जुन्याच स्लॉटमध्ये बसवलेल्या कार्डाला बहुधा जुनेच नाव मिळते.

आता दुसरा नोड का पडला ते पाहू. या जुन्या रचनेत दोन नोडच्या क्लस्टरला खास सवलत असते : एकाच नोडच्या मताने कोरम पूर्ण होतो. नेटवर्क नसलेला नोड सुरू झाला, त्याने क्लस्टरची सेवा आपोआप चालू केली, त्याला जोडीदार दिसला नाही, म्हणून तो मेला असे त्याने मानले आणि फेन्सिंग करून त्याची वीज तोडली. हार्टबीटचा मार्ग तुटलेला असला, तरी सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टचा (दुरून सर्व्हर चालू-बंद करण्याच्या पोर्टचा) मार्ग वेगळा असल्याने ही आज्ञा बिनबोभाट पोहोचली. पुढे तो दुसरा नोड उठून याला बंद करतो, आणि हे चक्र चालूच राहते.

यावर उपाय म्हणून कोणी फेन्सिंगच बंद करण्याचा सल्ला देईल. तो कृपया मानू नये. फेन्सिंग नसेल, तर दोन्ही नोड एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहू लागण्याचा धोका असतो, आणि बिघडलेली माहिती परत मिळवणे हे नोड रीस्टार्ट होण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. योग्य उपाय असा की कार्ड बदलण्यासाठी नोड बंद करण्यापूर्वीच त्यावरील क्लस्टर सेवेचे आपोआप सुरू होणे थांबवावे. कार्ड बसवल्यावर नोड सुरू करावा, नेटवर्क नीट लावावे, जोडीदाराला पिंग जाते हे पाहावे, आणि त्यानंतर सेवा हाताने सुरू करावी. काही दिवस सर्व सुरळीत दिसल्यावर ती पुन्हा आपोआप सुरू होणारी करावी. नंतरच्या कोरोसिंक २ या क्लस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नोडच्या क्लस्टरसाठी ‘वेट फॉर ऑल’ हा नियम मुळातच लागू असतो, म्हणजे सुरुवातीला दोन्ही नोड एकमेकांना दिसल्याशिवाय कोरम मिळत नाही आणि हे चक्र टळते.

मागच्या बाजूच्या चार-सहा पोर्टपैकी नेमका कोणता हे ओळखण्यासाठी ‘एथटूल’ या आज्ञेला छोट्या ‘पी’ चा पर्याय देऊन इंटरफेसचे नाव दिले की त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. बहुतेक कार्डांवर ही सोय असते, आणि चुकीची केबल ओढली जाण्याचे प्रकार तिच्यामुळे टळतात. सेंटओएस ६ ला नोव्हेंबर २०२० नंतर सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, हेही आपल्या व्यवस्थापनासमोर ठेवावे. नव्या कार्डांचे ड्रायव्हर इतक्या जुन्या प्रणालीसाठी मिळणे यापुढे अवघडच होत जाणार आहे.

प्रश्न : कार्ड बदलले, लिंकचा दिवा लागतो, आयपी ॲड्रेस जुनाच दिला आहे, तरी सर्व्हर कोणालाच दिसत नाही. नवे कार्डही खराब निघाले असे समजावे का?
— एका रुग्णालयातील तंत्रज्ञ, मिरज

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल, तर त्या पोर्टला जुन्या कार्डाचाच मॅक ॲड्रेस ओळखीचा असतो आणि नवा दिसताच वाहतूक अडवली जाते. काही स्विच असा पोर्ट पूर्णच बंद करतात, पण मग लिंकचा दिवाही लागत नाही. आपला दिवा लागत असल्याने केवळ वाहतूक अडवली जात असावी, किंवा केबल वेगळ्या व्हीलॅनच्या पोर्टमध्ये गेली असावी. स्विचवर जुना मॅक ॲड्रेस काढून टाकल्यावर बहुधा काम होईल. मॅक ॲड्रेसच्या नोंदी फायरवॉलमध्ये, डीएचसीपीच्या (आयपी ॲड्रेस वाटणाऱ्या सेवेच्या) राखीव यादीत आणि काही सॉफ्टवेअरच्या परवान्यांतही असतात. रुग्णालयात तपासणी यंत्रांसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना अशा प्रकारे कार्डाला बांधलेला नाही ना, हे पुढच्या वेळी कार्ड काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या आवारात दोन इमारतींमध्ये प्रत्येकी एक सर्व्हर असून ते तांब्याच्या नेटवर्क केबलने जोडलेले आहेत. दर उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला की एखाद्या तरी सर्व्हरचा पोर्ट जातो. या वेळी मदरबोर्डवरचाच पोर्ट गेला. आता पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल का?
— सूतगिरणीतील कर्मचारी, विटा

उत्तर : मदरबोर्ड बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डवरील पोर्ट बंद करावा आणि मोकळ्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये स्वतंत्र कार्ड बसवावे. त्याआधी इतकेच पाहावे की सर्व्हरचा व्यवस्थापन कंट्रोलर त्याच पोर्टचा सामाईक वापर करत नाही ना. करत असेल, तर त्याला त्याच्या स्वतंत्र पोर्टवर हलवावे, नाहीतर फेन्सिंगचा आणि दूरस्थ नियंत्रणाचा मार्गही बंद होईल. मदरबोर्डवर एकाहून अधिक पोर्ट असतील आणि एक जळाला असेल, तर उरलेल्यांवर हार्टबीटसाठी विसंबू नये. विजेचा धक्का खाल्लेला पोर्ट आज चालतो आणि काही आठवड्यांनी मधूनच दगा देऊ लागतो, आणि क्लस्टरमध्ये पूर्ण मेलेल्या कार्डापेक्षा असे अर्धवट जिवंत कार्ड जास्त नुकसान करते.

मूळ दुखणे मात्र कार्डात नाही, दोन इमारतींमधल्या तांब्यात आहे. इथरनेटच्या मानकाप्रमाणे प्रत्येक पोर्टमधील विलगीकरण १५०० व्होल्टची चाचणी सोसेल एवढे असते. जवळपास वीज कोसळली, तर लांब केबलमध्ये त्याहून कितीतरी मोठा दाब क्षणात निर्माण होऊ शकतो. त्यात दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असेल, तर वीज पडते त्या क्षणी दोन्हींच्या जमिनीच्या दाबात मोठा फरक पडतो, आणि दोन्हींना जोडणारी केबलच त्याची वाट बनते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाबरोबर विजांचा कडकडाट नित्याचा आहे, म्हणून कार्डे बदलत राहण्याने हा प्रश्न सुटणार नाही.

दोन इमारतींमधील तांब्याची केबल काढून तेथे ऑप्टिकल फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही. केबल घेताना धातूचे कवच नसलेली घ्यावी, आणि उंदरांच्या भीतीने कवचाची घ्यावीच लागली, तर ते कवच इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडावे. सर्व्हरचे रॅक, यूपीएस आणि इमारत यांचे अर्थिंग एकमेकांशी जोडलेले आहे का, याची तपासणी विद्युत ठेकेदाराकडून पाऊस सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी. तांब्याला मुळातच १०० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे आपले अंतर त्याच्या जवळपास असेल, तर या एका बदलाने दोन्ही अडचणी मिटतील.

प्रश्न : कार्ड बदलण्याऐवजी हार्टबीटची मर्यादा वाढवली तर नोड बाहेर पडणे थांबते, असे मला सांगण्यात आले. ते खरे आहे का? आणि दोन पोर्टचे एक कार्ड घ्यावे की एक-एक पोर्टची दोन?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : थांबते, पण दोष झाकून. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये एकाच सबनेटवरील नोड दर सेकंदाला हार्टबीट पाठवतात आणि लागोपाठ १० चुकले की नोड बाहेर काढला जातो. हा आकडा वाढवला, तर कार्डाची थोडी गडबड खपून जाते, पण सर्व्हर खरोखर पडेल त्या दिवशीही क्लस्टर तितकाच जास्त वेळ वाट पाहत बसेल. नवे कार्ड येईपर्यंतच्या दोन-चार दिवसांसाठी हा उपाय चालेल. कार्ड बसवल्यावर आकडा पूर्ववत करण्याची नोंद मात्र त्याच दिवशी करून ठेवावी.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे. दोन पोर्टचे एकच कार्ड घेऊन दोन्ही हार्टबीट त्यावरून नेले, तर ते कार्ड किंवा त्याचा स्लॉट बिघडला की दोन्ही मार्ग एकदम जातात. दोन वेगळी कार्डे दोन वेगळ्या स्लॉटमध्ये बसवावीत, त्यांच्या केबल दोन वेगळ्या स्विचना जोडाव्यात आणि ते स्विच दोन वेगळ्या यूपीएसवर ठेवावेत. खरेदी करतानाच त्याच मॉडेलचे एक कार्ड जास्तीचे घेऊन, त्याचे फर्मवेअर बाकीच्यांइतकेच करून, योग्य पट्टीसह कपाटात ठेवावे, कारण काही वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेल याची खात्री नसते.